६१७४ (कापरेकर स्थिरांक)

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेली विलक्षण संख्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उदा., ३५२४ : ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४ च. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ही संख्या येतेच. मध्ये तीन अंकी उत्तर आल्यास आधी शून्य लावायचे. तीन अंकांसाठी असा स्थिरांक ४९५.

६१७४ = २ × ३² × ७³. अंकांची बेरीज १८, आणि १८ + १८² + १८³ = ६१७४, हे तर फारच देखणे. अंकांच्या बेरजेने, म्हणजे १८ ने, भाग जात असल्याने ती कापरेकरांच्याच व्याख्येनुसार हर्षद संख्याही ठरते.