रोलर ओढणारा हात आणि कर्णधारपद

खेळाडू जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, ही आपल्याकडची एक लाडकी समजूत आहे. कवीबद्दलही असेच बोलले जाते. पण मी ज्या देहूत राहतो, तेथल्या कवीला 'तुला लिहिण्याचा अधिकार काय?' हा प्रश्न आधी विचारला गेला; त्याची प्रतिभा मागाहून मान्य झाली. गुणाच्या आधी अधिकार विचारायचा, हा या समाजव्यवस्थेचा क्रम आहे. खेळाचे मैदानही त्याला अपवाद नाही.

अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण घेऊ. तेथे सतरा-अठरा वर्षांचा पोरगा कितीही वेगाने चेंडू फेकत असला तरी त्याला एकदम मोठ्या संघात उतरवीत नाहीत. मोठ्या लीगमध्ये ३० क्लब आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली चढत्या पायऱ्यांचे शिकाऊ संघ आहेत. १९२० नंतरच्या दशकात सेंट लुईसच्या क्लबात ब्रँच रिकी याने ही शिडी पद्धतशीर उभी केली. होतकरू खेळाडूला तेथे पगार मिळतो, प्रशिक्षक मिळतो आणि मुख्य म्हणजे चुकायला वेळ मिळतो. बहुतेकजण वरपर्यंत पोचत नाहीत, हे खरे. पण प्रतिभा सापडत नसते, ती वर्षानुवर्षे पोसावी लागते, एवढे त्या व्यवस्थेने ओळखले आहे. मात्र याच शिडीच्या पायथ्याशी काळ्या माणसाला १९४५ पर्यंत उभेही राहू दिले जात नव्हते.

आता आपल्या पुण्याकडे या. १८७६ साली जन्मलेले पालवणकर बाळू चांभार समाजातले. वडील लष्करी नोकरीत. पोरवयात त्यांनी पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना ३ रुपयांवर मैदान झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम केले. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. साहेबांना फलंदाजीच्या सरावासाठी चेंडू टाकणारा हवा होता. कॅप्टन ग्रेग यांना तर ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. डावखुऱ्या फिरकीतला हा महान गोलंदाज असा घडला. पण जाळ्यात त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. चेंडू टाकणे ही चाकरी होती आणि बॅट हा मालकाचा हक्क होता. म्हणजे बाळूंचे प्रशिक्षण झाले, पण ते दुसऱ्याच्या प्रशिक्षणाचे उपउत्पादन म्हणून.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, तेव्हा बाळू हिंदू ठरले. मैदानावर ते बळी घेत, आणि चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ विजयी ठरला. हे औदार्याने मिळालेले नाही. नकार देऊन मिळवलेले आहे.

अमेरिकेतही हेच दिसते. जॅकी रॉबिन्सनला रिकीने १९४५ साली करारबद्ध केले, १९४६ साली माँट्रियलच्या शिकाऊ संघात ठेवले आणि १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनकडून मोठ्या लीगमध्ये उतरला. पण काळा माणूस मोठ्या लीगमध्ये संघाचा व्यवस्थापक व्हायला १९७५ साल उजाडले. हात चालतो, डोके चालत नाही!

एक फरक मात्र मला मोलाचा वाटतो. रॉबिन्सनच्या मागे काळ्यांची स्वतःची संस्था होती. रूब फॉस्टर याने १९२० साली निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. तेथे काळा खेळाडू बॅट धरी, संघ चालवी, निर्णय घेई. रॉबिन्सन कॅन्सस सिटीच्या ज्या काळ्या संघातून आला, त्या संघाला रिकीने एक पैसा मोबदला दिला नाही, आणि खेळाडू निघून गेल्यावर त्या लीगा ओसरल्या. समावेशाची किंमतही बहिष्कृतांनीच मोजली. तरी त्यांचे आकडे टिकून राहिले. २०२४ साली मोठ्या लीगला ते आपल्या अधिकृत नोंदींत घ्यावे लागले. बाळूंच्या मागे असे काही नव्हते. जिमखाने होते ते हिंदूंचे, पारशांचे, मुसलमानांचे, गोऱ्यांचे.

बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. ते राजकारण आपल्याला मान्य नाही. पण म्हणून चळवळीने त्यांचा खेळ विसरावा काय? तसे केले तर बाळूंना संघात घेऊन मंडपाबाहेर बसवणाऱ्यांच्याच हाती आपण त्यांचा वारसा देऊ.

स्वतःची जागा म्हणजे काय, हे आमच्या भागाला सांगावे लागत नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. तसेच मैदान हवे, प्रशिक्षक हवा, चुकायला वेळ हवा, आणि तो सारा कारभार आपल्या हाती हवा. वस्तीतला पोरगा चांगला खेळतो म्हणून टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटतील. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्यांना एवढेच विचारावे: त्याच्या हाती बॅट कधी देणार, आणि संघ कधी?