रक्तात भटकणाऱ्या कर्कपेशी

'कर्करोग पसरतो' असे आपण वर्गात सहज सांगून जातो. पसरतो म्हणजे नेमके काय, असे एखाद्या मुलीने विचारले, तर उत्तर १८६९ पासून सुरू करावे लागेल. त्या वर्षी मेलबर्नचे डॉ. थॉमस ॲशवर्थ यांनी कर्करोगाने मरण पावलेल्या एका रुग्णाच्या पायाच्या शिरेतील रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गाठीत होत्या तशाच पेशी त्यांना रक्तातही दिसल्या. एकाच माणसाच्या अंगावर अनेक गाठी का उठतात, याचा उलगडा यातून होईल, असा त्यांचा तर्क होता. १८८९ मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून बी आणि जमीन ही उपमा दिली. बी सगळीकडे उधळते, रुजते मात्र मानवेल त्याच जमिनीत.

मग हे बी शतकभर हाती का लागले नाही? हिशेबच करू. एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात, हे आपण शिकवतोच. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५०० कोटी! शिवाय पांढऱ्या पेशी ४० लाख ते १ कोटी. या गर्दीत कर्कपेशी कित्येकदा दहाही नसतात. जत्रेत चुकलेले पोर शोधणे त्यामानाने सोपे.

२००४ च्या सुमारास चुंबकीय कणांच्या साहाय्याने त्या मोजता येऊ लागल्या, पण जिवंत मिळत नव्हत्या. २००७ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील सुनीता नागरथ, मेहमेट टोनर, डॅनियल हेबर आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनची एक लहानशी पट्टी तयार केली. तिच्यावर ७८,००० सूक्ष्म खांब होते, प्रत्येकाची उंची मिलिमीटरचा दहावा भाग. खांबांवर प्रतिपिंडांचा लेप होता. रक्त त्यांच्यामधून संथपणे सोडले, की कर्कपेशी खांबाला चिकटत आणि बाकीचे रक्त पुढे जाई.

चिकटलेली पेशी धडधाकट सोडवणे मात्र अवघड. म्हणून याच गटाने २०१३ मध्ये उलटा विचार केला. कर्कपेशी पकडायच्याच नाहीत, बाकीच्या काढून टाकायच्या! तांबड्या पेशी आकारावरून बाजूला काढायच्या, पांढऱ्यांना चुंबकीय मणी लावून ओढून घ्यायचे. उरतील त्या कर्कपेशी, कोणी हात न लावलेल्या. आम्हांला या साऱ्या इतिहासातली ही युक्ती सर्वांत आवडते.

२०१४ मध्ये अशा पेशी वाढवण्यात यश आले. स्तनाच्या कर्करोगाच्या ३६ रुग्णांपैकी ६ जणींच्या पेशी सहा महिन्यांहून अधिक काळ वाढत राहिल्या. बशीच्या तळाला चिकटल्या, की त्यांचे विभाजन थांबे. तरंगत ठेवून प्राणवायू कमी केला तेव्हाच त्या वाढल्या. त्यांच्यावर वेगवेगळी औषधे वापरून पाहता आली. रुग्णाच्या शरीरावर प्रयोग न करता तिच्याच पेशींना औषध विचारायचे, ही यातली खरी आशा. पण ३६ पैकी ६ म्हणजे उरलेल्या ३० जणींसाठी उत्तर नाही, हेही मुलांना सांगायला हवे.

त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात नागरथ यांच्या गटाने फुप्फुसाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगाच्या १९ पैकी १४ रुग्णांच्या पेशी पट्टीवरच वाढवल्या. त्यासाठी पेशींच्या सोबतीला कोलॅजेन आणि संयोजी ऊतीतल्या पेशी दिल्या होत्या. बी पकडून झाले होते, आता जमीन तयार करायची होती.