पैठणची पांढरी

तर मंडळी, षष्ठीला आपण पैठणला येतो, गोदेत बुडी मारतो, नाथांच्या समाधीवर डोकं ठेवतो आणि परतीची गाडी धरतो. पायाखाली काय आहे, ते कोण बघतो?

मी त्याच गावचा. लहानपणी घराचा पाया खणताना कमरेइतक्या खोलीवर तांबडी खापरं निघाली आणि दोन दगडी मणी. आजीनं ते आम्हा पोरांना खेळायला दिले. हरवले, माउली! आज लाज वाटते. कारण पुढं वाचनात आलं की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्यानं नोंदवलंय, भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून गाड्या भरभरून अकीक बंदरी येतो. हीच सातवाहनांची राजधानी, प्रतिष्ठान.

जुन्या वस्तीच्या मातीला आपण पांढरी म्हणतो. लोकांनी ती शेतात नेली, माळवदावर टाकली. गरिबाला खत फुकट मिळालं, त्याला दोष कसा द्यावा?

याच पांढरीवर नाथांचा वाडा. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांवरही तोवर चुकीच्या पाठांचे थर चढले होते, बरं का. नाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. किती धीराचं काम!

गेल्या साली आमची ओसरी खणायची होती. गवंड्याला म्हटलं, "बाबा, कुदळ हळू घाल. आणि आधी घरातून चाळणी आण."