एक हात खिशात : घरातल्या ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीचा दुर्लक्षित इतिहास

आपल्याकडे ध्वनीचा इतिहास लिहिला गेला तो गाणाऱ्यांचा आणि ऐकणाऱ्यांचा. कोणाची ध्वनिमुद्रिका केव्हा निघाली, आकाशवाणीवर कोण गायले, याबद्दल मराठीत पुष्कळ आणि चांगले लेखन झाले आहे. पण ज्या पेटीतून हा आवाज घरात आला, ती बिघडल्यावर उघडणारा माणूस त्या इतिहासात जवळजवळ नाही. रेडिओ दुरुस्त करणारा, पुढे 'स्टिरिओवाला' म्हणून ओळखला गेलेला हा कारागीर आपल्या स्मरणात फार तर एखाद्या बोळातल्या अंधाऱ्या दुकानापुरता उरला आहे.

गेली काही वर्षे मी जुन्या संचांच्या सर्व्हिस पुस्तिका, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या सर्किट आकृत्या आणि वयस्कर मेकॅनिकांच्या तोंडच्या हकिकती गोळा करतो आहे. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. तंत्र बदलले तसा धोका कमी झाला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात धोका कमी झाला नाही, त्याने जागा बदलली. प्रत्येक पिढीने त्याची नवी जागा शोधून नियम बसवले. ते बहुतेक तोंडी राहिले आणि त्यांतले काही तर आधीच्या नियमांच्या अगदी उलट होते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना रेडिओग्राम खाली उतरतो आणि 'चालतो का बघू' म्हणून कोणीतरी त्याची पिन भिंतीत खुपसतो, म्हणून हा इतिहास निव्वळ हौसेचा राहत नाही.

मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. सुरुवातीचे पुष्कळ संच बॅटरीवर चालत. विजेवर चालणारे व्हॉल्व्हचे रेडिओ घरोघर आले आणि दिवाणखान्यातल्या एका देखण्या लाकडी पेटीत २०० ते ३५० व्होल्टचा डीसी दाब येऊन बसला. व्हॉल्व्हला तो लागतोच. पेटीचे मागचे झाकण मात्र भोके पाडलेल्या पुठ्ठ्याचे, चार स्क्रूंवर तोललेले.

या संचांच्या दोन जाती होत्या आणि मेकॅनिकचा जीव त्यांतला फरक ओळखण्यावर अवलंबून असे. पहिल्या जातीत मोठा ट्रान्सफॉर्मर असे; भिंतीतली वीज आणि संचाची लोखंडी चॅसिस यांचा थेट संबंध नसे. दुसरी जात एसी-डीसी संचांची. कोलकात्यासारख्या शहराच्या काही भागांत घरगुती वीज दीर्घकाळ डीसी होती आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या विजेवर चालतील असे संच निघाले. ते स्वस्तही पडत, त्यामुळे जिथे एसी होती तिथेही खपले. त्यांत विजेची एक तार सरळ चॅसिसला जोडलेली असे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळी चॅसिस 'गरम', म्हणजे फेजवर. काही संचांत तर स्विच बंद असतानाही व्हॉल्व्हच्या फिलामेंटमधून चॅसिसवर दाब पोहोचे. कारखान्यांना हे ठाऊक होते. म्हणून बटणांच्या आतले बारीक स्क्रू मेणाने बुजवलेले असत, बोट चुकूनही धातूला लागू नये यासाठी. पुढे कोणीतरी बटण काढायचे, मेण खरवडून टाकायचे, आणि ते परत भरायचे राहून जायचे.

ही जात ओळखण्याची खूण व्हॉल्व्हच्या नावातच होती. युरोपीय पद्धतीत नावाचे पहिले अक्षर फिलामेंटबद्दल सांगते. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, ईसीसी ८३, ईएल ८४ ही त्या घराण्यातली नावे. 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअर, सगळी फिलामेंटे एका माळेत जोडलेली; यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५. माळ दिसली की ट्रान्सफॉर्मर नसणार, आणि ट्रान्सफॉर्मर नसेल तर चॅसिस गरम असणार, असा हा हिशेब. जाणता मेकॅनिक झाकण काढल्यावर आधी काचेवरचे अक्षर वाची आणि मगच हात पुढे करी.

याच काळातला सर्वांत प्रसिद्ध नियम म्हणजे 'एक हात खिशात'. चालू संचात मोजमाप घ्यायचे तर मीटरची काळी तार चिमट्याने चॅसिसला लावून ठेवायची, लाल तार उजव्या हातात धरायची आणि डावा हात खिशात घालायचा. पायात रबरी चपला, बसायला लाकडी स्टूल, बोटात अंगठी नाही. यामागचे कारण साधे आहे. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रवाह छातीतून जातो, म्हणजे हृदयाजवळून. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की सरासरी पुरुषाला सुमारे १६ आणि स्त्रीला सुमारे १०.५ मिलिअँपिअरच्या पुढे पकडलेली तार सोडता येत नाही. ज्या यूएल ८४ च्या फिलामेंटमधून १०० मिलिअँपिअर वाहतात, त्याच्याशेजारी ही संख्या ठेवून पाहावी. मेकॅनिकांना मात्र हे आकडे लागले नाहीत. त्यांचा नियम खिशातच होता.

आज घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी असतो, मग काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. ट्रान्सफॉर्मरच्या संचापुरते हे उत्तर फसवे आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे ३०० व्होल्ट अंगातून गेले, तरी तो प्रवाह पलीकडल्या पलीकडेच वर्तुळ पूर्ण करतो. भिंतीतल्या ईएलसीबीला त्याची गंधवार्ताही लागत नाही.

दुसरा धोका वीज काढून घेतल्यावरही शिल्लक राहणारा. कंडेन्सरमध्ये साठलेला भार पिन उपसली तरी जात नाही. तो झिरपून जायला वाट ठेवलेली नसेल तर बराच वेळ तिथेच राहतो. दुकानांतली सर्रास रीत म्हणजे स्क्रूड्रायव्हरचे पाते टेकवून 'फट्' करून मोकळे होणे. आवाजाने काम झाल्याचे समाधान मिळे; पात्याला खड्डा पडे आणि कधी कंडेन्सरही जाई. जाणते लोक काही किलोओहमचा, चार-पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशनच्या चिमट्यांत धरून भार सावकाश उतरवत आणि मग मीटर लावून खात्री करत. काही कंडेन्सर रिकामे केल्यावरही थोडे पुन्हा भरल्यासारखे वागतात, म्हणून मीटर दोनदा लावायचे.

स्टिरिओची कल्पना तशी जुनी. ॲलन ब्लूमलाइन यांनी लंडनमध्ये १९३१ च्या डिसेंबरात तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५७-५८ साल उजाडले. दुरुस्तीच्या दृष्टीने स्टिरिओने एक वरदान दिले, ज्याची नोंद क्वचितच होते. आता एकाच पेटीत दोन सारखे ॲम्प्लिफायर आले. एक बिघडला की दुसरा त्याचा नमुना. डाव्या बाजूच्या बिंदूवर जो दाब, तोच उजव्या बाजूला हवा. नसेल तर दोष तिथेच. सर्किट आकृती हाती नसलेल्या मेकॅनिकला चालती बाजूच आकृतीचे काम करी. स्पीकरच्या तारा डावी-उजवी अदलून पाहिल्या की दोष स्पीकरमध्ये की यंत्रात हे क्षणात कळे. आत हात घालायची गरज जितकी कमी, तितकी सुरक्षितता अधिक.

मग ट्रान्झिस्टर आला. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जन्मलेली ही वस्तू साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या बाजारात रुळली. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि पाठोपाठ टू-एन ३०५५ सारखे लोखंडी टोपीचे सिलिकॉन ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळू लागले. शेकडो हौशी तरुणांनी ॲम्प्लिफायर जुळवले. ३०० व्होल्टची जागा ३०-५० व्होल्टने घेतली आणि 'आता शॉकची भीती नाही' असे बोलले जाऊ लागले.

इथेच नियम उलटले. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता मोठ्या आवाजावर चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड दाब उसळून तो जळू शकतो. म्हणून जुना उस्ताद शिकवी, स्पीकर काढून संच चालवू नकोस. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला स्पीकर नसला तरी सहसा काही होत नाही, पण स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या की आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जातो. आणि तो शॉर्ट झाला की डीसी दाब सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये शिरून तीही जाळतो. व्हॉल्व्हवर हात बसलेल्या किती कारागिरांनी या काळात धंदा सोडला याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पण त्यांचे ज्ञान कमी पडले नव्हते, ते दुसऱ्या यंत्राचे होते.

साठलेल्या भाराचेही तसेच. व्हॉल्व्हच्या संचात ३०० व्होल्टवरचा ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सव्वादोन ज्यूल ऊर्जा साठवतो. ट्रान्झिस्टरच्या संचात ५० व्होल्टवरचा १०,००० मायक्रोफॅरडचा साडेबारा ज्यूल. पाचपटीहून अधिक! दाब कमी म्हणून शरीराला तो फारसा जाणवत नाही. पण अंगठी किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा त्यात अडकला तर ठिणगी उडून कातडी भाजू शकते. अंगठी काढण्याचा जुना नियम कायम राहिला, त्याचे कारण मात्र बदलले.

या पिढीचे खास हत्यार म्हणजे सिरीज बोर्ड : लाकडी फळी, एक सॉकेट आणि त्याच्या माळेत १०० वॅटचा साधा बल्ब. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. संच ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. आत शॉर्ट असेल तर पूर्ण पेटतो आणि नासधूस स्वतःवर घेतो. एका बल्बच्या किमतीत इतके शहाणपण क्वचितच मिळाले असेल. पण सिरीज बोर्ड वाचवतो तो यंत्राला. माणसाला लागणाऱ्या काही मिलिअँपिअरच्या वाटेत तो बल्ब जवळपास काहीच अडथळा करत नाही. माणसासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याच्यामागेही एक हात खिशातच लागतो. आता फिलामेंटचे बल्ब दुकानांतून नाहीसे होत आहेत. एलईडी दिव्याला हे काम जमत नाही.

फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट दाखवली. पुढच्या वीस वर्षांत टू-इन-वन आणि कॅसेट डेक आपल्या घरांत आले आणि हेड साफ करणे हे रोजचे काम झाले. त्यासाठी मेकॅनिकच्या टेबलावर एक बाटली असे, 'सीटीसी'ची. म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. तेलकटपणा झटक्यात काढणारे, पेट न घेणारे, किंचित गोडसर वासाचे. कापसाचा बोळा भिजवायचा, हेड पुसायचे, स्विचमध्ये चार थेंब टाकायचे. त्या बंद खोलीत हा वास दिवसभर भरून असे. हा द्रव यकृत आणि मूत्रपिंडांना इजा करतो, श्वासातून आणि कातडीतूनही. ३०० व्होल्टला घाबरणारा माणूस या बाटलीला घाबरत नव्हता, कारण ती झटका देत नव्हती. ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रिऑल करारान्वये २०१० पासून भारतात अशा वापरासाठीचे तिचे उत्पादन थांबले. तिची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने घेतली, जे यकृताला तितके घातक नाही पण पेट घेते. म्हणून डाग देण्याची तापलेली इस्त्री दूर ठेवायची. पुन्हा तेच, धोक्याने जागा बदलली.

१९८२ मध्ये सीडी आली. तिचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम अंधुक लाल दिसणारा. तेव्हा झाकण काढून 'पेटतो का' म्हणून भिंगात डोकावणे धोक्याचे. आणि आताच्या हलक्याफुलक्या होम थिएटरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर जाऊन एसएमपीएस आला आहे. तो २३० व्होल्टची वीज सरळ डीसी करून सुमारे ३२५ व्होल्टवर कंडेन्सरमध्ये साठवतो. म्हणजे शंभर वर्षांनी आपण पुन्हा व्हॉल्व्हच्या दाबाशी आणि एसी-डीसी संचासारख्या भिंतीशी थेट जोडलेल्या भागाशी येऊन पोहोचलो आहोत. ज्याला त्या जुन्या संचांचे नियम ठाऊक आहेत, त्याला ही नवी पेटी अनोळखी वाटणार नाही.

केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रमही होता. पण बोळातल्या दुकानांतली बहुतेक माणसे उस्तादाच्या शेजारी बसून शिकली. असे शिक्षण माणसाबरोबर जाते. ती दुकाने आता मोबाइलची झाली आहेत. दुसरीकडे जुन्या संचांचे वेड वाढते आहे आणि तीस वर्षे झोपलेली यंत्रे विकत घेतली जात आहेत. त्यांच्या तारांवरचे रबर बोटाने चुरगळते, कंडेन्सर सुकलेले किंवा गळके असतात, दोन पिनांच्या प्लगला अर्थिंग नसते.

म्हणून माळ्यावरून पेटी खाली आली, तर तिला पहिला प्रश्न 'चालते का' हा विचारू नये. ती कोणत्या पिढीची, हा विचारावा. पिन भिंतीत न घालता मागची पाटी वाचावी, तार तपासावी, हवेशीर जागी धूळ झटकावी. व्हॉल्व्ह असतील तर काचेवरचे अक्षर पाहावे. 'यू' दिसला किंवा आत एसएमपीएस असला, तर जाणत्या माणसाचा शोध घ्यावा. अजून काही आहेत. आणि तो आपल्यासमोर पेटी उघडेल तेव्हा त्याच्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवावे. शिकण्यासारखे पुष्कळसे तिथेच आहे.