वारसा सांभाळणारे हात



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत. विहाराचा वर्धापनदिन आला की आपण पंचशील ध्वज लावतो, वंदना घेतो, खिरीचं दान करतो. हे सगळं छानच आहे. पण विहार म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. आपण कोण होतो आणि कसे बदललो, त्याची ती साक्ष आहे. ही साक्ष सांभाळते कोण? पुष्कळांना वाटते की ते सरकारचं काम आहे. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

१४ ऑक्टोबर १९५६ चाच दिवस घ्या. अशोक विजयादशमीला नागपुरात बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर लाखोंना स्वतः दीक्षा दिली. त्या सोहळ्यामागे सरकारी खजिना नव्हता. भारतीय बौद्धजन समिती आणि तिचे सचिव वामनराव गोडबोले यांनी मैदान शोधण्यापासून सगळी तयारी केली. बंदोबस्ताला समता सैनिक दलाचे जवान उभे होते. पांढरी वस्त्रं घालून आलेली माणसं आपापली शिदोरी घेऊन आली. आपल्या वऱ्हाडातूनही कोणी रेल्वेनं गेलं, कोणी बैलगाडीनं, कोणी पायी. म्हणजे ज्या घटनेला आज जग मान देते, ती उभी केली स्वयंसेवकांनी.

पुढची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या नित्य वापरातल्या कितीतरी वस्तू त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जिवापाड जपल्या. त्या त्यांनी गोडबोले यांच्या हवाली केल्या आणि नागपूरजवळच्या चिचोली इथल्या शांतिवनात त्या ठेवल्या गेल्या. तिथे बाबासाहेबांचे कोट आहेत, टोपी आहे, टंकलेखन यंत्र आहे. कोट म्हणजे शेवटी कापडच. आम्ही गिरणीतली माणसं, कापडाची जात ओळखतो. ओल लागली, कसर लागली की कापड आतून खलास होते आणि वरून पत्ता लागत नाही. म्हणून नुसती श्रद्धा ठेवून भागत नाही, जाणकाराकडून त्याची निगा करून घ्यावी लागते. चिचोलीच्या वस्तूंवर पुढे तज्ज्ञांकडून रासायनिक प्रक्रिया करून घ्यावी लागली, ती यापायीच. दिवा लावला, हार घातला, म्हणजे वस्तू टिकली असं होत नाही.

दीक्षाभूमीचंही तसंच. स्तूपाचं काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मध्ये बावीस-तेवीस वर्षं गेली. पुढे त्याच परिसरात वाहनतळासाठी जमिनीखाली खोदकाम सुरू झालं, तेव्हा स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका होईल या काळजीनं १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तिथे जमले. त्याच दिवशी शासनाला कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. त्या दिवशी जाळपोळही झाली, ती व्हायला नको होती. पण एक गोष्ट पक्की झाली, की त्या मातीचे राखणदार जागे आहेत.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन नावाचं गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं २००२ पासून तिथे उत्खनन केलं. त्यात विटांचा प्राचीन स्तूप निघाला, भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या. दोन हजार वर्षांपूर्वीची भरलेली वस्ती ती. आपल्या मुलखात धम्म १९५६ साली पहिल्यांदा आला असं म्हणणाऱ्यांना भोनच्या विटा उत्तर देतात. बाबासाहेबांनी आपल्याला नवीन घर दिलं नाही, जुन्या घराचा दरवाजा उघडून दिला.

पण ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. आम्ही धरणाच्या विरोधात नाही. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला पाणी पाहिजेच, त्यात आपलेही भाऊबंद आहेत. प्रश्न एवढाच की पाणी आणि वारसा दोन्ही वाचवता येतात की नाही? जगानं ते करून दाखवलं आहे. आंध्रात नागार्जुनसागर धरण झालं तेव्हा नागार्जुनकोंड्याचे अवशेष आधी खोदून, निवडून उंच टेकडीवर नेले आणि १९६६ मध्ये तिथे संग्रहालय झालं. इजिप्तमध्ये अबू सिम्बेलची देवळं १९६४ ते १९६८ या काळात कापून, वर उचलून पुन्हा जोडली. मग भोनसाठी विचार का होऊ नये? बौद्ध संघटना आणि अभ्यासक ही मागणी करत आले आहेत. त्यात आपलाही आवाज असला पाहिजे.

मात्र मागणी करताना पुरावा हातात पाहिजे. रामटेकजवळच्या मनसरला १९९८ च्या सुमारास नागपूरच्या एका बौद्ध संस्थेनं रीतसर परवानगी काढून उत्खनन करवलं. सामान्य माणसांच्या संस्थेनं हे करावं, ही अभिमानाची गोष्ट. तिथल्या अवशेषांबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. काही जण ते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळचं देऊळ मानतात. असू द्या. वाद पुराव्यानं सुटतात. बुद्धानंच सांगितलं की पारखून घ्या. दिसेल तो दगड आपला म्हणू नये आणि जो आपला आहे तो सोडू नये.

आणि आपल्या सेमाडोहाचं काय? इथे स्तूप नाही, लेणी नाहीत. सिपना आहे, साग आहे आणि आपली माणसं आहेत. १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे २००० च्या आसपास बोरी, कोहा, कुंड ही मेळघाटातली गावं जंगलाबाहेर गेली. गाव उठलं की भिंती मागे राहतात. सोबत जाते ते लोकांच्या आठवणीत आणि पेटीत असते तेवढंच. म्हणून आपली पेटी आधीच भरून ठेवली पाहिजे.

१९५६ साली जो दहा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या घरात आहे. मागावर धागा तुटला की लगेच सांधावा लागतो, नाहीतर कापडात खोट राहते. हा धागा आता तुटायला आला आहे. तरुण पोरांनी म्हाताऱ्यांजवळ बसावं. दीक्षा कुठे घेतली, घरातले देव कुठे सोडले, पहिली वंदना कोणी शिकवली, विहाराची पहिली वीट कोणी वाहिली, हे नाव-सालासकट वहीत उतरवावं, मोबाइलवर आवाज घ्यावा. जुने फोटो, वर्गणीच्या पावत्या, पत्रिका फेकू नयेत. फोटोमागे पेन्सिलीनं नावं लिहावीत. बाया-माउल्यांच्या आठवणी आधी घ्याव्यात, कारण त्या अजून कोणी विचारल्याच नाहीत.

आपल्या कोरकू शेजाऱ्यांचाही वारसा आहे. मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ ते सागाचे कोरीव मुंडे उभारतात. त्यांची भाषा मराठीहून कितीतरी निराळ्या कुळातली आहे. आपला इतिहास कोणी पुसू नये असं वाटते, तर दुसऱ्याचा पुसला जाताना आपण गप्प बसू नये.

बुद्धपौर्णिमेला, १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मिरवणूक तर काढूच. त्यासोबत विहाराच्या भिंतीला जुने फोटो लावा, वहीतली दोन पानं मोठ्यानं वाचा. लेकरांना कळू द्या की इतिहास नागपुरात घडला तसा आपल्या आजीच्या चुलीपाशीही घडला. पुढच्या वर्धापनदिनाला अशी एक भरलेली वही विहारात असावी, एवढीच आमची सर्वांना विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!