पळून गेलेल्या चौदा मुली आणि योगायोगाचे गणित

शरद ऋतू, १९३२. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथे मुलींची एक सरकारी सुधारशाळा होती. न्यायालयाने धाडलेल्या मुली तेथे 'कॉटेज' म्हणविल्या जाणाऱ्या स्वतंत्र घरांत राहत. (पुढे जगद्विख्यात झालेली गायिका एला फिट्झगेराल्ड हिचीही रवानगी १९३३ मध्ये येथेच झाली.) त्या वर्षी अवघ्या दोन आठवड्यांत चौदा मुली पळाल्या. हे प्रमाण नेहमीच्या तीसपट होते.

अशा वेळी रूढ उत्तर तयारच असते : मुलीच वाईट वळणाच्या! मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी मात्र स्वभावाऐवजी नाती तपासली. कोणाला कोणाचा सहवास हवा, हे विचारून त्यांनी नकाशे काढले. मुलगी म्हणजे वर्तुळ, निवड म्हणजे रेघ. पळालेल्या मुली निरनिराळ्या कॉटेजमधल्या असूनही ओळखींच्या साखळीने जोडलेल्या आढळल्या. पळण्याची कल्पना याच वाटेने पसरली, असा मोरेनोंचा निष्कर्ष होता.

१९३४ मध्ये हे काम ग्रंथरूपाने आले. नकाशे मोहक होते. पण संशयाला जागा होती. डोळे मिटून रेघा ओढल्या तरी काही आकृत्या उमटणारच. मग यातले नाते किती आणि योगायोग किती?

याचे उत्तर मोरेनो व जेनिंग्ज यांनी १९३८ मध्ये 'सोशिओमेट्री' या नियतकालिकात दिले. गणिताला पॉल लाझार्सफेल्ड यांचे साहाय्य होते. समजा, २६ मुली आहेत आणि प्रत्येकीने तिघींना निवडायचे आहे. चिठ्ठ्या टाकून निवड केली, तर एका विशिष्ट मुलीची निवड होण्याची शक्यता ३/२५. दोघींनी परस्परांना निवडण्याची शक्यता ९/६२५. जोड्या एकूण ३२५. म्हणजे केवळ नशिबाने सरासरी ४.६८ परस्पर जोड्या जुळतात. प्रत्यक्षातल्या जोड्या याच्या दुपटीहून अधिक होत्या. कोणीच न निवडलेली मुलगी नशिबाच्या हिशेबात सरासरी एखादीच. प्रत्यक्षात अशा एकाकी मुलीही कितीतरी जास्त निघाल्या. त्यांचे एकटेपण चिठ्ठीचा खेळ नव्हते.

एर्डॉश आणि रेनी यांचा यादृच्छिक आलेखांवरील प्रसिद्ध लेख १९५९ चा, हे येथे ध्यानात घ्यावे.

दोन गटांची तुलना करताना तर हा हिशेब अटळ ठरतो. कॉटेजमध्ये २६ ऐवजी ४० मुली असल्या, तर संभाव्य जोड्या ७८० होतात. नशिबाने जुळणाऱ्या परस्पर जोड्या मात्र ४.६ च राहतात. टक्केवारी १.४४ वरून ०.५९ वर घसरते. मोठे घर कमी जिव्हाळ्याचे भासते, आणि तेथील एकाही मुलीचा त्यात दोष नसतो. आज लक्षावधी माणसांच्या जाळ्यांत स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध असे गट पाडून फरक शोधताना अभ्यासकांना आधी हाच प्रश्न सोडवावा लागतो : एवढा फरक गटाच्या निव्वळ आकाराने किंवा योगायोगाने पडला असता काय?