१३ आणि १०

पीएनजी जातीची कुठलीही चित्राची फाईल घ्या आणि तिचे पहिले आठ बाईट बघा. दर वेळी तेच आकडे दिसतील: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यातले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही तीन अक्षरं. ते ठीक. पण बाकीचे आकडे नुसते ओळखपत्र म्हणून नाहीत मंडळी, ते सापळे आहेत! वाटेत कुणी फाईलला हात लावला तर हे आकडे बदलतात, आणि चित्र उघडायच्या आधीच कळतं की माल फुटलाय. १९९६ साली पीएनजीचा आराखडा पक्का झाला, तोवर वेबसाईट चढवताना चित्रं बिघडल्याचा अनुभव इतक्या लोकांना आला होता की चित्रातच तपासणी नाका बसवावा लागला.

यातला १३-१० हा जोड म्हणजे आजची गोष्ट.

टायपिंगच्या क्लासला जाऊन ३०-४० च्या परीक्षा दिलेल्यांना हे चटकन कळेल. ओळ संपली की डावीकडची दांडी ओढायची. गाडी मागे जायची आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरवर ही दोन कामं वेगवेगळी होती: १३ म्हणजे गाडी मागे, १० म्हणजे कागद वर. पुढे कॉम्प्युटर आले, गाडीही गेली आणि कागदही गेला, आकडे मात्र राहिले. युनिक्सवाल्यांनी ओळ संपवायला नुसता १० ठेवला. डॉस आणि विंडोजने १३-१० दोन्ही ठेवले. जुन्या मॅकने नुसता १३. (तीन घरं, तीन चुली.)

आता एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फाईल पाठवायची तर या फरकाचं काय करायचं? हा प्रश्न सोडवायला बसलेला माणूस आपल्याकडचा होता. अभय भूषण. अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली बाहेर पडलेले, मग एमआयटी. १६ एप्रिल १९७१ ला त्यांनी एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. तेव्हाची मशीनं एकमेकांना ओळखसुद्धा देत नव्हती. कुणाचा शब्द ३६ बिटांचा, तर कुणाची अक्षरांची आकडेवारीच निराळी. त्यामुळे फाईल 'जशीच्या तशी' पोचवून उपयोग नव्हता, पलीकडच्याला वाचता आली पाहिजे. म्हणून एफटीपीत दोन रीती आल्या. मजकूर असेल तर वाटेत ओळींचे शेवट पलीकडच्या पद्धतीने बदलून द्यायचे, ही अस्की रीत. बाकीचं काही असेल तर एकाही बिटाला हात लावायचा नाही, ही बायनरी. आणि पाठवणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तर? तर तो मजकूरच समजायचा. ऑक्टोबर १९८५ च्या पक्क्या आवृत्तीतही हा नियम तसाच आहे.

माझ्या मते हा नियम तेव्हा शहाणपणाचाच होता. १९७१ साली लोक काय पाठवणार? प्रोग्रॅम, पत्रं, अहवाल. तीस वर्षांनी नगर जिल्ह्यातला (२०२४ पासून अहिल्यानगर) एखादा माणूस त्याच वाटेने दुष्काळाचे फोटो पाठवेल, हे कुणाच्या स्वप्नात येणार?

तर तो माणूस. नेवासे तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी, माझ्या काकांचे मित्र. २००२ साली त्यांनी आपल्या गावाची वेबसाईट करायला घेतली. एक पुस्तक, नोटपॅड आणि जिद्द, एवढंच भांडवल. गावातल्या घराघरांतून त्यांनी १९७२ च्या दुष्काळातले फोटो मागून आणले होते. खडी फोडणाऱ्या बाया, सुकडीची रांग, मिलोची पोती. असे ४१ फोटो. नगरला ते स्कॅन करून घेतले आणि मूळ फोटो ज्याचे त्याला नेऊन दिले. फायली १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर. रविवारी एसटीने नगरला यायचं आणि सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून बसायचं. मी सुट्टीला घरी गेलो की मला बोलावणं असायचं.

पहिल्या अडचणी नवशिक्यांच्या नेहमीच्या. मुख्य पानाचं नाव होम, सर्व्हरला हवं इंडेक्स. फोटोचा पत्ता घरच्या सी ड्राईव्हचा, म्हणजे फोटो फक्त गुरुजींनाच दिसणार. फाईलचं नाव कॅपिटलमध्ये आणि पानात स्मॉलमध्ये: विंडोजला दोन्ही सारखं, युनिक्सच्या लेखी दोन वेगळी माणसं. मराठी मजकुराला शिवाजी फॉन्ट, तो ज्याच्याकडे नाही त्याला नुसता कचरा. आणि कॅफेतून लॉगिन व्हायचं पण फायलींची यादीच यायची नाही, कारण एफटीपी बोलण्यासाठी एक आणि सामानासाठी दुसरी अशा दोन जोडण्या वापरतं आणि कॅफेची भिंत दुसरीला आत सोडत नव्हती. त्याला पॅसिव्ह मोडचं औषध होतं. हे सगळं दुरुस्त होणारं.

फोटोंचं तसं नव्हतं. काही फोटो एकदम स्वच्छ, काही वरून तीन बोटं बरे आणि खाली हिरवे-जांभळे पट्टे. गुरुजींना वाटलं स्कॅनर खराब. मग वाटलं फ्लॉपी. पण फाईल पाठवायचा प्रोग्रॅम अस्की रीतीवर होता. फोटोत योगायोगाने १३ नंतर १० आला की सर्व्हर त्याला ओळीचा शेवट समजायचा आणि १३ खाऊन टाकायचा. दोन बाईटांच्या ६५,५३६ जोड्या होतात. म्हणजे ६४ केबीच्या फोटोत हा जोड सरासरी एकदाच येणार. छोटे फोटो बहुतेक सुटणार, मोठे अडकणार, आणि बघणाऱ्याला त्यात काहीच संगती लागणार नाही. ४१ पैकी १४ धड पोचले, २७ बिघडले. (सगळंच बायनरीत पाठवा म्हणावं, तर गेस्टबुकाची पर्लची फाईल विंडोजच्या १३ मुळे चालायची नाही. एकाला औषध ते दुसऱ्याला विष.)

मी हे समजावून सांगितलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "म्हणजे ही नाथांच्या आधीची पोथी झाली म्हणायची."

नेवाशाचा माणूस, दुसरं काय आठवणार! ज्ञानेश्वरी तिथेच शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली झाली, लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. मग नकलांवर नकला. नकलणाऱ्यांनी चांगल्याच हेतूने शब्द सोपे केले, पदरच्या ओव्या घातल्या. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि शेवटी ताकीद दिली की यात कुणी आपली ओवी घालू नये. ही सरळसरळ बायनरी रीतीची मागणी आहे! पण नाथांपुढे ताडून बघायला जुन्या प्रती होत्या. गुरुजींच्या फ्लॉप्या पुढच्या खेपेसाठी केव्हाच फॉरमॅट झाल्या होत्या.

पुन्हा मागून ९ फोटो मिळाले. उरले १८. कुणाचं घर पावसात गळलं, कुणी पुण्याला गेलं. ती फुकटची जागाही पुढे बंद पडली. २००९ च्या ऑक्टोबरात याहूने जिओसिटीज बंद केलं तेव्हा अशी लाखो घरची पानं गेली. गुरुजींच्या पुतण्याने त्याआधी साईट सीडीवर उतरवून ठेवली म्हणून निभावलं.

ती सीडी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. सोबत गुरुजींची वही. शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली, त्यात प्रत्येक फाईलचं नाव, फोटोतल्या माणसांची नावं आणि फाईलचा आकार बाईटांत! सीडीवरचा आकार वहीतल्या आकड्यातून वजा केला की किती १३ गायब आहेत ते कळतं. दहा फोटोंत एकच, सहांत दोन, आणि दोनांत बरेच.

मग हिशोब सोपा झाला. ६० केबीच्या फाईलमध्ये १० हा आकडा साधारण २४० वेळा येतो. हरवलेला १३ त्यांतल्याच एकाच्या अलीकडे होता. छोटा प्रोग्रॅम लिहून प्रत्येक जागी १३ घालून बघायचा, २४० चित्रं ओळीने मांडायची आणि कुठल्यात पट्टे गेले ते डोळ्यांनी शोधायचं. पट्टे कुठून सुरू होतात ते दिसतंच, त्यामुळे आणखी कमी जागा तपासाव्या लागतात. दोन हरवले असतील तर आधी वरचा, मग खालचा. दोन शनिवार-रविवारांत १६ फोटो जुळले. राहिलेल्या दोघांशी अजून झटापट चालू आहे. त्यांतला एक खडी केंद्राचा. वहीत त्याच्यापुढे अकरा बायांची नावं आहेत, चित्रात आत्तापर्यंत सात दिसतायत.